तळाच्या छिद्राचा बंदोबस्त

नौका बांधणाऱ्याने आपल्याच हाताने नौकेच्या तळाला छिद्र पाडावे, तेही जलरेषेच्या खाली पाडावे, आणि त्यातून मिनिटाला सात-साडेसात हजार फेरे घेणारा पोलादी दांडा आरपार न्यावा, ही गोष्ट सकृद्दर्शनी अविचाराची वाटते. तथापि यंत्र कोरड्यात आणि पाणी कापणारे पाते पाण्यात, ही व्यवस्था मनुष्याने एकदा स्वीकारल्यावर ते छिद्र अपरिहार्य झाले, आणि तेव्हापासून आजतागायत नौकाविद्येतील खटाटोपाचा एक मोठा हिस्सा ह्या एका छिद्राच्या बंदोबस्तात खर्ची पडत आला आहे. मालवण-तारकर्लीच्या किंवा कळंगुट-बाग्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाठीवर घेऊन लाटा फोडत जाणारी जी वाहने आपण पाहतो, ज्यांना कोणी वॉटर स्कूटर म्हणतात आणि कोणी कावासाकी कंपनीच्या मालाचे नाव सरसकट लावून जेट स्की म्हणतात, त्यांच्याही पोटात हाच प्रश्न दडलेला आहे. किंबहुना मोठ्या जहाजाच्या मानाने त्यांच्यात तो अधिक तीव्र झालेला आहे, कारण येथे छिद्र लहान असले तरी दांड्याचा वेग फार मोठा आहे, आणि पोटातली जागा इतकी अपुरी आहे की घागरभर पाणी आत शिरले तरी त्याची दखल घ्यावी लागते.

ह्या प्रकरणात त्या छिद्रावरील पहारेकऱ्याचा, म्हणजे शाफ्टच्या सीलचा, आणि त्याच्या पलीकडे असलेल्या पंपाच्या अवयवांचा विचार करावयाचा आहे. दोहोंचा विचार एकत्र करण्याचे कारण असे की, ते एकाच दांड्यावर बसलेले असून एकाचा बिघाड दुसऱ्याचा म्हणून पुढे येतो, आणि ही गफलत न ओळखणारा मनुष्य चुकीच्या भागावर पैसे खर्च करीत राहतो.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आगबोटींना बाजूच्या चाकांऐवजी मागचा पंखा लावण्याची कल्पना रूढ होऊ लागली. फ्रान्सिस पेटिट स्मिथ ह्या इंग्रज गृहस्थाने १८३६ मध्ये आपल्या मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले, आणि लवकरच असे दिसून आले की पंखा फिरविणे सोपे आहे, परंतु ज्या छिद्रातून त्याचा दांडा बाहेर जातो ते छिद्र सांभाळणे कठीण आहे. दांड्याभोवती चरबीत मुरवलेला दोर गुंडाळून तो एका पेटीत आवळून बसवीत. दोर फार आवळला तर दांडा तापून झिजे, आणि सैल सोडला तर पाणी आत येई. धातूचे बेअरिंग तर समुद्राच्या पाण्यात पाहता पाहता झिजून जात. ह्यावर जॉन पेन ह्या अभियंत्याने १८५४ च्या सुमारास शोधलेला उपाय चमत्कारिक वाटण्याजोगा होता: त्याने धातूच्या जागी लिग्नम व्हिटी नावाच्या, पाण्यात बुडण्याइतक्या जड लाकडाच्या पट्ट्या बसविल्या, त्यांच्यामध्ये मुद्दाम खोबणी सोडल्या, आणि त्या खोबणींतून समुद्राचे पाणी खेळू दिले. ज्या पाण्याला शत्रू मानून बाहेर ठेवण्याची धडपड चालली होती त्यालाच त्याने वंगणाच्या कामावर नेमले, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या जगातील मोठमोठी जहाजे ह्या लाकडी पट्ट्यांवर चालली.

ह्या लहानशा इतिहासात आपल्या विषयाचे सर्व तत्त्व सामावलेले आहे. फिरणाऱ्या दांड्याभोवती पाण्याला पूर्ण मज्जाव करता येत नाही. त्याला मोजून-मापून परवाना द्यावा लागतो, आणि तो परवाना किती जाडीच्या फटीतून द्यावयाचा हे ठरविणे व ती फट तेवढीच राखणे, ह्यालाच देखभाल म्हणावयाचे.

पंपाची रचना

जलस्कूटरला उघडा पंखा नसतो. तिच्या बुडाला एक जाळी असते, जाळीतून पाणी एका बोगद्यात शिरते, बोगद्याच्या टोकाशी नळकांड्यात बसविलेला इंपेलर ते मागे ढकलतो, आणि निमुळत्या नोझलमधून ते वेगाने बाहेर फेकले गेले की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वाहन पुढे जाते. इंपेलरमधून निघालेले पाणी पुढे सरकता सरकता गोलही फिरत असते, आणि ते गोल फिरणे वाहनाच्या काही उपयोगाचे नसते. म्हणून इंपेलरच्या मागे स्थिर पात्यांचे एक कडे बसवून त्या पाण्याची गिरकी मोडतात व त्याला सरळ वाट दाखवितात. उघडे पाते नसल्यामुळे उथळ पाण्यात हे वाहन चालते. न्यूझीलंडच्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी विल्यम हॅमिल्टन ह्यांनी १९५० च्या दशकात जलझोताच्या नौका सिद्ध केल्या आणि १९६० मध्ये अशा नौका अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या, त्या ह्याच गुणाच्या बळावर. पुढे क्लेटन जेकबसन ह्या मोटारसायकलच्या शर्यतपटूने हे तत्त्व एका माणसाच्या वाहनाला लावण्याची कल्पना काढली, बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ मध्ये पहिली सी-डू बाजारात आणली, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी कावासाकीची उभ्याने चालवावयाची जेट स्की आली.

आता थोडा हिशेब करू. ह्या वाहनांत गिअरबॉक्स नसतो. यंत्राचा दांडा जेवढे फेरे घेतो तेवढेच इंपेलर घेतो. मिनिटाला साडेसात हजार फेरे म्हणजे सेकंदाला सव्वाशे. इंपेलरचा व्यास सामान्यतः १४० ते १६० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो १५५ धरला तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ६१ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २२० किलोमीटर वेगाने फिरते, आणि हे सर्व ज्या कड्याच्या आत घडते त्या कड्यापासून त्या टोकाचे अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांहून अधिक नसते. शाफ्टचा व्यास इंचभर मानला, तर सीलच्या ओठाखालून पोलाद सेकंदाला दहा मीटर वेगाने घसरत असते. पात्याभोवतीची एक फट आणि सीलखालची दुसरी: ह्या दोन फटींवर ह्या यंत्राचे आरोग्य अवलंबून आहे.

सीलचे दोन प्रकार

सी-डूच्या वाहनांत प्रामुख्याने कार्बन सील आढळते. बोगद्यातून शाफ्ट जेथे पोटात शिरतो तेथे रबराची चुणीदार नळी, जिला बेलो म्हणतात, क्लॅम्पने बसविलेली असते. तिच्या मोकळ्या टोकावर कार्बनची कडी असते. आणि शाफ्टवर एक पोलादी कडी, आतून ओ-रिंगांनी घट्ट केलेली व एका क्लिपने अडविलेली, शाफ्टबरोबर फिरते. जात्याची खालची तळी स्थिर राहते आणि वरची तिच्यावर फिरते, त्याप्रमाणे येथे कार्बन स्थिर असतो, पोलाद फिरते, आणि दबलेल्या बेलोच्या ताणाने ते एकमेकांवर टेकून राहतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो; तोच वंगण, तोच थंडावा. म्हणून ह्या पृष्ठभागांना ग्रीस लावण्याची हौस बाळगू नये. आणि म्हणूनच वाहन पाण्याबाहेर काढून यंत्र धुण्यासाठी चालू केले असता, काही निर्माते दोन मिनिटांहून अधिक चालविण्यास स्पष्ट मनाई करतात. यंत्राला नळाचे पाणी मिळत असले तरी सीलला ते मिळत नाही, आणि कोरडा कार्बन पाहता पाहता तापतो.

यामाहा आदी वाहनांत दुसरी पद्धत आहे. तेथे पोटातील आडभिंतीवर बेअरिंगचे एक घर असते, त्याच्या तोंडांशी ओठांची रबरी सीले असतात, आणि ओठ शाफ्टवर टेकून राहावेत म्हणून त्यांच्यामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. घरात पाण्याला दाद न देणारे ग्रीस भरतात. ग्रीस किती घालावयाचे ते निर्मात्याच्या पुस्तिकेत मापासह दिलेले असते, आणि ते माप पाळावे. पंप जोराने दाबून ठासलेले ग्रीस ज्या ओठाचे रक्षण करावयाचे त्यालाच बाहेर लोटण्याचा संभव असतो.

ओठाचे सील कालांतराने शाफ्टवर आपली खूण ठेवते. नखाने चाचपले तर पोलादावर एक बारीक चर लागतो. अशा चरावर नवे सील बसविले तर ते नवेपणीच गळते, आणि मालक दुकानदाराच्या मालाला दोष देतो. चर हाताला लागत असेल तर सील चरापासून किंचित बाजूला बसेल अशी तजवीज करावी, शाफ्टवर पातळ बाही चढवावी, किंवा शाफ्टच बदलावा. नवे सील चढविताना शाफ्टच्या टोकावरील खाचांवर चिकटपट्टी गुंडाळून घ्यावी, कारण त्या खाचांच्या धारदार कडा नव्या ओठाला एका क्षणात कापतात. ओठाला ग्रीस लावावे. आणि स्प्रिंगची बाजू ज्या द्रवाला अडवावयाचे त्याच्याकडे करावी.

लक्षणांची पारख

सीलचा बिघाड दोन रूपांनी प्रकट होतो आणि ती दोन्ही परस्परविरुद्ध दिसतात. वाहन पाण्यात उभे असता बाहेरचे पाणी आत येते, हे कोणालाही समजते. परंतु वाहन जोराने वेग घेऊ लागले की इंपेलरच्या पुढील बोगद्यात शोष निर्माण होतो, आणि मग त्याच फटीतून वाहनाच्या पोटातली हवा पंपाकडे ओढली जाते. इंपेलरला पाण्याऐवजी पाणी-हवेचे मिश्रण मिळाले की त्याची पकड सुटते, यंत्राचे फेरे वाढतात, आणि वेग मात्र जागच्या जागी राहतो. अननुभवी माणूस अशा वेळी इंपेलर खराब झाला म्हणून नवा घेतो, तो बसविल्यावरही दोष कायम राहतो, आणि मग संशय यंत्रावर जातो. वस्तुतः अपराधी पोटात, आसनाखाली, हात पोचेल अशा ठिकाणी बसलेला असतो.

हेच लक्षण खऱ्या इंपेलरच्या दोषातही दिसते, म्हणून त्याची मीमांसा करणे अवश्य आहे. ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्स ह्यांची टर्बिनिया नौका १८९४ मध्ये प्रथम पाण्यात उतरली तेव्हा तिच्या टर्बाइनचे सामर्थ्य कितीही असले तरी वेग अपेक्षेप्रमाणे मिळेना. शोध घेता असे आढळले की पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की तेथे पाण्याची वाफ होऊन पोकळ्या तयार होतात. पार्सन्स ह्यांनी त्याच्या अभ्यासासाठी १८९५ मध्ये खास जलकुंड बांधले, पंख्यांची रचना बदलली, आणि १८९७ मध्ये टर्बिनिया ३४ नॉटहून अधिक वेगाने धावली. आपल्या समुद्राचे पाणी साधारण ३० अंश सेल्सियस असते. त्या तापमानाला पाण्याला वाफ व्हावयास हवेच्या दाबाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्याइतका दाब पुरतो, आणि पात्याची कड बोथट, वाकलेली किंवा खवललेली असेल तर तेवढा उतार तेथे सहज पडतो. त्या वाफेचे बुडबुडे पुढे पुन्हा दाबाखाली फुटताना पोलादावर खड्डे पाडतात.

निवाडा मग कसा करावयाचा? पंपाची तपासणी बाहेरून करता येते, पण ती करण्यापूर्वी सुरक्षा-दोर काढून घ्यावा आणि बॅटरीची तार सोडावी, ही गोष्ट नियम म्हणून पाळावी; पात्यांजवळ बोटे असता यंत्र चुकूनही सुरू होता कामा नये. विजेरीच्या उजेडात पात्यांच्या कडा पाहाव्यात. त्यांवर ओरखडे, वळलेल्या कडा, खड्डे असल्यास दोष तेथे आहे. त्या शाबूत असतील तर कड्याकडे वळावे. काही वाहनांत हे कडे, ज्याला कारागीर वेअर रिंग म्हणतात, मुद्दाम प्लास्टिकसारख्या मऊ पदार्थाचे केलेले असते, ह्या हेतूने की खडा शिरला तर महागडे पोलादी पाते वाचावे आणि स्वस्त कडे जावे. पाते आणि कडे ह्यांमधील फट फीलर गेजने चारी बाजूंना मोजावी, आणि ती निर्मात्याच्या मर्यादेबाहेर गेली की कडे बदलावे. फट एका बाजूला कमी व दुसऱ्या बाजूला जास्त असली तर कड्यापेक्षा बेअरिंगचा संशय घ्यावा. जुने कडे करवतीच्या पात्याने आतून आडवे न कापता लांबीच्या दिशेने दोन ठिकाणी कापले म्हणजे ते सैल पडून सुटते. नवे कडे काही वेळ थंडीत ठेवून साबणाच्या पाण्यावर सरकवावे आणि लाकडी ठोकळ्याने सर्व बाजूंनी सारखे ठोकावे.

पंपही निर्दोष ठरला तर आसन काढून पोटात पाहावे. कार्बन सीलभोवती काळी भुकटी पडली असेल, किंवा शाफ्टच्या समोर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाण्याच्या शिंतोड्यांचा सरळ पट्टा उमटला असेल, तर सील गळत असल्याचा तो पुरावा आहे. बेलो हाताने मागे ओढून सोडावा. तो चपळाईने परत आला पाहिजे. तो मरगळला असेल किंवा त्याच्या चुण्यांत चिरा दिसत असतील तर कार्बन कितीही चांगला असला तरी त्याला दाबणारे कोणी राहिलेले नाही. पंप आणि बुड ह्यांमधील सांध्याचे रबर किंवा लेप सुटला असेल, तर तेथूनही हवा शिरते. ही जागा अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

बेअरिंगची परीक्षा साधी आहे. इंपेलर हाताने फिरवावा. तो गुळगुळीत फिरला पाहिजे, खरखरू नये, आडवा हलू नये. ज्या पंपांत बेअरिंगसाठी तेल असते त्यांत ते तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर पाणी आत शिरले आहे, आणि तेल बदलून भागणार नाही. ज्या सीलमधून पाणी आले ते बदलले पाहिजे. इंपेलर काढावयाचा तर त्याच्या आतील खाचांत बसणारे खास अवजार लागते, आणि काही प्रतिमानांत त्याचे आटे उलटे असतात. पुस्तिका न पाहता जोर लावणाऱ्याने आपण सोडत आहोत की आवळत आहोत ह्याची खातरजमा आधी करावी. शाफ्टच्या टोकाच्या खाचा प्रत्येक वेळी पुसून ग्रीस लावून बसवाव्यात, कारण खाऱ्या पाण्यात त्या एकदा गंजून धरल्या की पुढच्या खेपेस हातोड्यावाचून सुटत नाहीत.

एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. सील बदलले, थोड्या काळात पुन्हा गळाले, पुन्हा बदलले, पुन्हा गळाले; अशी मालिका सुरू झाली की सील हा रोग नसून लक्षण आहे असे समजावे. यंत्राचे रबरी पाये बसले असतील, यंत्र उतरवून चढविताना त्याची पंपाशी सरळ रेषा साधली नसेल, किंवा शाफ्ट वाकला असेल. वाकडा दांडा आपल्या प्रत्येक फेऱ्याबरोबर सीलला एका अंगाने चेपतो, आणि सेकंदाला सव्वाशे वेळा चेपले जाणारे रबर फार काळ तग धरीत नाही. अशा ठिकाणी सरळपणाचे माप घेऊन यंत्राच्या पायांखाली पातळ पट्ट्या घालून रेषा साधणे हाच उपाय.

किनाऱ्याचा शिरस्ता

आमच्या किनाऱ्यावर ह्या वाहनांचे शत्रू तीन: वाळू, दोर आणि मीठ. वाळूचा उपद्रव बहुधा चालकाच्या घाईतून होतो. पर्यटकाला गुडघाभर पाण्यात बसवून तेथेच यंत्र चालू केले की जाळीतून पाण्याबरोबर वाळू ओढली जाते आणि कड्यावर सहाणेचे काम करते. निर्माते ६० ते ९० सेंटिमीटर खोली बुडाखाली असावी असे सांगतात. ती सूचना कंबरभर पाण्यापर्यंत वाहन हाताने ढकलत नेऊन पाळता येते. दोराचा धोका मासेमारीच्या जाळ्यांच्या तुकड्यांतून आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतो. दोर शाफ्टला गुंडाळला गेला तर तो वितळून सीलपर्यंत चढतो. म्हणून तो काढल्यावर सीलची तपासणी करणे आवश्यक असते. मिठाच्या विरोधात बलिदानाचे धातू, म्हणजे अॅनोड, लावलेले असतात. ते झिजले की त्यांची जागा अॅल्युमिनियमचा पंप घेतो, म्हणून त्यांची झीज पाहून ते बदलत राहावे.

दिवसाच्या अखेरीस गोड्या पाण्याने धुण्याचा क्रम बहुतेक वाहनांत ठरलेला आहे: आधी यंत्र चालू करावे, मग तोटी उघडावी, थांबविताना आधी तोटी बंद करावी, मग यंत्र. क्रम उलटला तर धुराड्याच्या मार्गात साचलेले पाणी मागे सरून यंत्राच्या सिलिंडरांत शिरण्याचा संभव असतो. नंतर पोटातील बूच काढून पाणी निथळू द्यावे आणि आसन काढून हवा खेळू द्यावी.

मुख्य प्रश्न मुदतीचा आहे. निर्मात्यांच्या पुस्तिकांत तपासणीची मुदत साधारणपणे शंभर तास किंवा एक वर्ष, ह्यांतले जे आधी येईल ते, अशी असते. सुटीच्या दिवशी तळ्यावर फिरणाऱ्या अमेरिकी गृहस्थाला वर्ष आधी येते. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला मात्र तास आधी येतात: दिवसाला पाच तास चालले तरी वीस दिवसांत शंभर भरतात, म्हणजे दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतच्या हंगामात ही तपासणी अनेक वेळा व्हावयास हवी. पण पुष्कळ ठिकाणी 'वार्षिक' हा शब्द हुकूम मानला जातो आणि तास मोजणारे यंत्र केवळ शोभेला राहते. म्हणून प्रत्येक वाहनाची एक नोंदवही ठेवावी, तीत तास, फटीचे माप, ग्रीस, आणि बदललेला भाग कोणत्या कारणाने बदलला हे लिहावे. कारणाची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण तीवरूनच सीलचा दोष आणि सरळ रेषेचा दोष ह्यांत फरक करता येतो. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा पंप उतरवून ही वही समोर ठेवून बसण्यास भरपूर सवड मिळते. त्या सवडीत केलेली दुरुस्ती ऐन हंगामात बंद पडलेल्या वाहनाच्या एका आठवड्याच्या भाड्याहून सहसा महाग पडत नाही.